आई-बाबांचा टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही

आज आवाजात थोडा घुमारा येईल, कारण मी नेहमीच्या खोलीत नाहीये. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये, आई-बाबांच्या घरी बसून रेकॉर्ड करतोय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर ती एडिटमध्ये काढणार नाही, आधीच सांगतो.

विषय असा आहे की बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि घरात एकच चर्चा चालू आहे. हा टू बीएचके विकून वन बीएचके घ्यायचा का? माझ्या वयाच्या बऱ्याच जणांच्या घरी हेच चालू असणार. आपल्या आई-वडिलांची ती पिढी आठवा. गिरगाव, परळ, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून निघाली, वेस्टर्न लाइन धरून वर सरकत सरकत मिरा रोड, भाईंदर, नालासोपारा, विरारला आली. पहिल्यांदा स्वतःचं बाथरूम, पहिल्यांदा बेडरूमला दार. त्यांच्यासाठी घर म्हणजे दर वेळी आधीच्यापेक्षा मोठं. आणि आता आपण त्यांना सांगतोय, लहान घ्या. त्यांना ते कसं ऐकू येत असेल याचा विचार आधी करा, एक्सेल नंतर उघडा.

बरं, लहान घर कशाला, हा प्रश्न आमच्याकडे चौरस फुटांवरून आलाच नाही. तो जिन्यावरून आला. भाईंदरमध्ये तळमजला अधिक तीन, अधिक चार अशा कितीतरी जुन्या इमारती आहेत ज्यांना लिफ्ट नाही. आमची त्यातलीच. आईचे गुडघे गेलेत. ती दिवसातून एकदाच खाली उतरते, आणि कोथिंबीर आणायची विसरली तर कोथिंबिरीशिवाय स्वयंपाक करते. बाबा म्हणतात, व्यायाम होतो. ठीक आहे, आज होतो. पण पाय फ्रॅक्चर झाला तर खुर्चीत बसवून चार माणसांनी उचलून न्यावं लागतं, हे आमच्या विंगमध्ये सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून माझ्या मते आपल्याकडे ‘लहान घर’ हा शब्दच चुकीचा आहे. हवंय ते लिफ्टचं घर. लिफ्टचा टू बीएचके परवडत नाही म्हणून वन बीएचके, एवढंच.

आता आईची बाजू. तिचा पहिला प्रश्न होता, ‘गणपतीत माणसं कुठे बसवायची?’ मी हसलो नाही, कारण प्रश्न खरा आहे. दीड दिवस का होईना, चाळीसेक माणसं जेवून जातात. दुसरा प्रश्न तिने विचारला नाही, बाबांनी विचारला, तोही टीव्हीकडे बघत. ‘मग तू आल्यावर झोपणार कुठे?’

मंडळी, मी हिंजवडीला राहतो. महिन्यातून दोन शनिवार-रविवार येतो. म्हणजे माझ्या चार रात्रींसाठी एक अख्खी बेडरूम राखून ठेवलीय. उरलेले दिवस तिथे कपडे वाळतात आणि उन्हाळ्यात पापड. मी म्हटलं, हॉलमध्ये गादी टाकून झोपेन. बाबा म्हणाले, ‘आज झोपशील. लग्न झाल्यावर?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण ही खोली माझ्यासाठी ठेवलीय म्हणून आईने जिना चढायचा, हे मला पटत नाही. ते मी बोललो. घरात थोडा वेळ शांतता होती, मग चहा झाला.

आता पैसे. बाबा प्रायव्हेट नोकरीतले. ईपीएसची पेन्शन किती मिळते ठाऊक आहे? पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेत नोकरीची पस्तीस वर्षं धरली तरी महिन्याला ७,५०० रुपये. पीएफचा मोठा भाग माझ्या शिक्षणात आणि घराच्या हप्त्यांत गेला. म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात मोठी ठेव म्हणजे या भिंती. बऱ्याच मध्यमवर्गीय घरांची हीच गोष्ट आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे गणितासाठी धरलेत, आमच्या घराचे नाहीत, बाबांनी तशी सक्त ताकीद दिलीय. समजा २००३-०४ मध्ये फ्लॅट ८ लाखांना घेतला आणि २०२५-२६ मध्ये ९५ लाखांना विकला. नफा ८७ लाख. नवं घर मुद्रांक शुल्क, नोंदणी सगळं धरून ६८ लाखांना पडलं. कलम ५४ म्हणतं, नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवा, कर माफ. पण गंमत बघा, इथे लहान घर घेणारा माणूस अडकतो. मोठं घर घेणाऱ्याचा सगळा नफा त्यात जिरतो. आपला नाही जिरत. ८७ वजा ६८, म्हणजे १९ लाख उरले. त्यावर साडेबारा टक्के, म्हणजे २,३७,५०० रुपये, वर सेस.

इथेच थांबू नका. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला, मालक भारतात राहणारी व्यक्ती असेल तर, जुन्या पद्धतीनेही कर मोजता येतो. इंडेक्सेशन लावून २० टक्के. दोन्हींत जो कमी तो भरायचा. २००३-०४ चा निर्देशांक १०९, २०२५-२६ चा ३७६. आठ लाखांचे झाले साधारण २७.६ लाख. नफा उरला ६७.४ लाख. घर ६८ चं. कर शून्य. सगळीकडे ‘आता साडेबारा टक्के’ एवढंच सांगितलं जातं, आणि मोठा नफा असेल तर बऱ्याचदा तेच फायद्याचंही असतं. पण लहान घर घेणाऱ्यांसाठी हिशोब उलटा फिरू शकतो. तेव्हा सीएकडे जाल तेव्हा दोन्ही रकाने मांडायला लावा. तरीही काही उरलं तर विक्रीपासून सहा महिन्यांत ५४ ईसीचे बाँड आहेत, ५० लाखांपर्यंत, पण पाच वर्षं पैसे अडकतात.

वेळेची चौकटही आहे. तयार घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं. रिटर्न भरायची मुदत आली आणि घर मिळालेलं नसेल तर रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात टाकायची. साध्या बचत खात्यात पडून राहिली तर सूट जाते.

आता उरलेली रक्कम. ९५ वजा ६८, २७ लाख. दलाली, ट्रक, नवीन कपाटं, रंगकाम धरून २४ म्हणू. हे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, सध्याचा दर ८.२ टक्के, तर तिमाहीला ४९,२०० रुपये. महिन्याला सोळा हजारांच्या वर. साडेसात हजारांच्या शेजारी हा आकडा लिहून बाबांना दाखवला तेव्हा ते पहिल्यांदा टीव्ही बंद करून बसले. (व्याजावर कर लागतो, हेही तिथेच लिहिलं होतं.)

नावाचं काय? आमचे एक काका म्हणाले, नवीन घर पोराच्याच नावावर करा, पुढची कटकट नको. मी नाही म्हटलं. एक तर कलम ५४ ची सूट हवी तर घर विकणाऱ्याच्याच नावावर असलेलं बरं. आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, पण विकलेलं घर बाबांच्या नावावर असेल तर तिथेही हाच पेच. आणि दुसरं कारण कराचं नाहीच. साठीनंतर माणसाच्या डोक्यावरचं छप्पर त्याच्याच नावावर असावं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळवता येते. असं कलम कायद्यात घालावं लागलं, यातच सगळं आलं. माझ्या बहिणीचाही हक्क आहे, तो मृत्युपत्रात येईल. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे, हे तेवढं लक्षात ठेवा.

सोसायटीवरून आठवलं. विकताना कमिटी ‘ट्रान्स्फरचे दोन लाख’ वगैरे सांगायला लागली तर शांतपणे उपविधी दाखवा. महापालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. ‘बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने द्या’ हा त्याच गाण्याचा दुसरा अंतरा.

रिडेव्हलपमेंटसाठी थांबावं का, असं दोन मित्रांनी विचारलं. थांबणाऱ्याला मोठं घर मिळू शकतं, लिफ्टसकट. पण साठीत एकदा भाड्याच्या घरात आणि मग परत, असं दोनदा सामान हलवायचं, आणि मधली वर्षं बिल्डरच्या भरवशावर. चाळिशीतल्या माणसाने थांबावं. आईच्या गुडघ्यांना ते सांगता येत नाही. गावी जाऊन राहायचाही विषय निघाला, पण बाबांच्या शुगरचे डॉक्टर, आईचं भजनी मंडळ, सगळं इथे. पुण्यात ‘अथश्री’सारखी खास ज्येष्ठांसाठीची संकुलं आहेत, तीही सुचवून झाली. आई म्हणाली, ‘सगळेच म्हातारे? मग भांडायचं कोणाशी?’

म्हणून शोध इंद्रलोक ते नवघर रोड एवढ्याच पट्ट्यात चालू आहे. जेसल पार्कची चौपाटी रिक्षाच्या टप्प्यात हवी, ही बाबांची अट. आतापर्यंत चार घरं पाहिली. मी टेप घेऊन जातो, दलाल वैतागतो. जुन्या करारनाम्यातला बिल्ट-अप आकडा आणि नवीन इमारतीतला रेरा कार्पेट यांची तुलना करू नका, दोन्ही घरं स्वतः आतून मोजा. बाथरूमचं दार नक्की मोजा. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी निकष आणले, त्यात दारं किमान ९० सेंटिमीटर रुंद, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा असं सगळं आहे. साध्या इमारतींना ते बंधनकारक नाही, पण यादी म्हणून उत्तम. वॉकर घेऊन आत जाता येतं का, लिफ्टला जनरेटर आहे का, लिफ्टपर्यंत पोचायलाच पाच पायऱ्या नाहीत ना. चारपैकी दोन घरं या पायऱ्यांवरच बाद झाली.

तिसऱ्या घरात आई किचनच्या ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिली. पाटा-वरवंटा कुठे बसेल ते बघत होती. तो गेली दहा वर्षं माळ्यावर आहे, पण मी काही बोललो नाही. गणपतीसाठी त्या सोसायटीचा हॉल मिळतो का, ते रविवारी विचारायला जातोय. तुमच्या घरी कोणी असा बदल केला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. शिट्टी झाली तिसरी, जेवायला बोलावतील आता.