आधी काटा, मग पाटा

(हिंगोली जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या बैठकीत भावावर बोलणं होतं, कर्जावर होतं, विजेवर होतं. आज आम्ही पाट्यावर बोलायला उभे आहोत. पाटा-वरवंट्यातल्या पाट्यावर नव्हे, गाडीखालच्या कमानपाट्यावर आणि त्याच्या शेजारच्या शॉकअपवर. हसू नका. या दोन वस्तूंनी आमच्या चौघांच्या खिशातून जे काढलं, ते एखाद्या सावकारानंही एका हंगामात काढलं नसतं.

आमच्या भागीदारीत मागं हौदा असलेली एक जुनी जीप आहे. चारी चाकांना पाटे, पुढं-मागं आडवे ॲक्सल. गाव काळ्या रानातलं. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाणंदीत ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये वरंबा उरतो. त्या वरंब्याला आमच्या गाडीच्या मागच्या हाउसिंगचा गोळा घासायचा. कुणीतरी म्हणालं, गाडी उंच करून घ्या. आम्ही गेलो मिस्त्रीकडं. तो म्हणाला, प्रत्येक चाकाला दोन-दोन पाटे वाढवतो, हत्तीसारखी उभी राहील. शॉकअप जुनेच राहू दिले. म्हटलं, तेवढाच खर्च वाचला.

गाडी हत्तीसारखी उभी राहिली खरी. पण गोळा पहिल्याच दिवशी पुन्हा वरंब्याला घासला. रिकामी गाडी चाकोरीत बेडकासारखी उड्या मारू लागली. पंधरा दिवसांत ओढ्याच्या उतारावर मागच्या शॉकअपचं बूड तुटून खाली लोंबलं. आणि मग एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. दुसरी गाडी नव्हती. त्या माउलीनं दवाखान्यापर्यंत दोनदा गाडी थांबवायला लावली. पोटाला दोन्ही हातांनी आधार देऊन ती बसली होती. पुढं सगळं सुखरूप झालं. पण त्या रात्री आम्हाला कळलं, की सकाळी खताची पोती वाहणारी गाडी रात्री माणूसही वाहते. पाटे निवडताना आम्ही फक्त पोती धरली होती, माणूस धरला नव्हता.

त्यानंतर आम्ही चार ठिकाणी विचारलं, स्वतः मापं घेतली. जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट. पाटा भार उचलतो. शॉकअप भार उचलत नाही. पाटा दबला की उसळी मारतो, ती उसळी शॉकअप आवरतो. त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. पाटा म्हणजे बैल आणि शॉकअप म्हणजे वेसण. आम्ही बैल दांडगा आणला आणि वेसण जुनी कुजकीच ठेवली. मग बैलानं उधळायचं नाही तर काय करायचं?

दुसरी गोष्ट. पाट्यानं गाडीचं अंग उंच होतं, गोळा उंच होत नाही. आडव्या ॲक्सलच्या गाडीत गोळा चाकाच्या आसाबरोबर असतो. तो जमिनीपासून किती वर राहील हे चाकाच्या उंचीवर ठरतं. टायर दोन इंच उंच घेतला तर गोळा एक इंच वर जातो. पाटे कितीही वाढवा, गोळा जागचा हलत नाही. पाट्यानं चेसिस उंच होते, बंपर ओढ्याच्या काठाला टेकत नाही, एवढाच फायदा. म्हणून आधी गाडीखाली वाकून बघा, घासतं काय. गोळा घासत असेल तर पाट्यावर पैसा घालू नका.

तिसरी गोष्ट. गाडी खरंच बुटकी आहे, की पाटे बसलेत? सपाट फरशीवर गाडी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारी बाजूंनी माप घ्या. आमच्या गाडीचे मूळ पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं सपाट झाले होते. मूळ मापाचे नवे पाटे घातल्यावर गाडी दोन बोटं वर आली. जी उंची आम्ही विकत घ्यायला निघालो होतो, तिच्यातली बरीचशी आमचीच हरवलेली होती.

चौथी गोष्ट हिशेबाची. पाट्याची जाडी थोडी वाढली तरी कडकपणा फार वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो सव्वापट नव्हे, जवळजवळ दुप्पट कडक होतो. ज्या गाड्यांना गुंडाळीची स्प्रिंग आहे, तिथं तर तार एक दशांश जाड केली तरी कडकपणा दीडपटीच्या जवळ जातो. म्हणून ‘जरा जाड घाला’ हा शब्द मिस्त्रीपुढं काढू नका.

मग किती कडक घ्यायचे? ते काट्याला विचारा. कापूस काट्यावर नेताना आपण किलोकिलोसाठी भांडतो, पण स्वतःच्या गाडीचं वजन किती, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? रिकामी गाडी काट्यावर न्या. आधी पुढची चाकं चढवा, वजन लिहा. मग मागची चढवा, लिहा. नंतर नेहमीचा माल भरून पुन्हा तेच करा. नेहमीचा म्हणजे वर्षातले जास्तीत जास्त दिवस असतो तो, हंगामातला एखादा मोठा भार नव्हे. हा कागद घेऊन पाटे घ्यायला जा. मोठ्या भारासाठी मदतीचा पाटा मिळतो. तो गाडी रिकामी असताना मोकळा राहतो आणि भार आल्यावरच टेकतो. आम्ही शेवटी तोच घातला.

आणि एक लक्षात ठेवा. पाटा वाढवला म्हणून ॲक्सल, ब्रेक, बेअरिंग यांची ताकद वाढत नाही. आरसी बुकात भरल्या गाडीचं जे वजन लिहिलंय, तीच हद्द.

आता शॉकअप. पाटे बसवून झाल्यावर मापं घ्या. चेसिसला जॅक लावून चाक लोंबू द्या, तेव्हा शॉकअपच्या दोन टोकांमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं. गाडी पूर्ण दबून रबरी ठोकळ्याला टेकते, तेव्हा सगळ्यात कमी. शॉकअप पूर्ण उघडल्यावर पहिल्या अंतराहून लांब हवा आणि पूर्ण मिटल्यावर दुसऱ्याहून आखूड हवा. आखूड शॉकअपवर लोंबत्या चाकाचा भार येतो आणि बूड तुटतं. आमचं तसंच तुटलं. तेलाच्या साध्या शॉकअपमध्ये लांबच्या खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि जोर जातो. आत दाबानं नायट्रोजन भरलेला असेल तर फेस कमी येतो. रोजची वाट पाणंदीची असेल तर तो घ्या.

जुना शॉकअप जिवंत आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. तेल गळतंय का बघा. खराब रस्त्यावर अर्धा तास चालवून मग सावकाश हात लावा. जो काम करतो तो तापतो. एक थंड आणि बाकीचे गरम असतील, तर थंड तो मेला समजा. बदलताना डावा-उजवा जोडीनं बदला. एक बैल तरणा आणि एक म्हातारा जुंपला तर जू तिरकं होतं.

आता आपल्या मालाविषयी. ज्वारीचं पोतं जड पण बुटकं. कापूस हलका पण उंच, कडबाही तसाच. उंच केलेल्या गाडीवर उंच कापूस रचला की गाडीचा तोल वर सरकतो. ओढ्यात एक चाक खाली गेलं की कलंडायला वेळ लागत नाही. कापूस, कडबा वाहणाऱ्यांनी गाडी उंच करण्याच्या नादीच लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उंच केल्यावर आणखीही अडचणी येतात. ब्रेकचा रबरी पाइप ताणतो, प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट तिरका होऊन लवकर खलास होतो, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जुने यू बोल्ट पुन्हा वापरू नका, नवे घाला आणि थोडं चालवून पुन्हा आवळा. कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. मूळ मापाचे पाटे बदलायला हरकत नाही. त्यापलीकडं जायचं तर आधी आरटीओत विचारा.

जीप मुळात १९४०-४१ साली अमेरिकेत लढाईसाठी तयार झाली. नंतर महिंद्रानं मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढं ती आपल्या गावात आली. तिच्यावर बसणारा सैनिक ठणके सोसायला तयार होता. आपली बाळंतीण त्यासाठी जन्मलेली नाही.

शेवटचं. तुटलेला पाटा, फुटलेला शॉकअप, झिजलेला टायर हा खर्च तुम्ही लिहून ठेवता का? क्विंटलमागं किती खर्च आला याच्या कागदावर बी आहे, खत आहे, मजुरी आहे. वाट नाही. पाणंद दुरुस्त नाही म्हणून आपली गाडी जे भोगते, ते आपल्याच खिशातून जातं. आजपासून गाडीची एक वही घाला. तारीख, काम, रक्कम लिहा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं ती वही आणावी. पाणंदीसाठी तहसीलदारापुढं जाऊ तेव्हा तोंडी रडगाणं नको, आकडे हवेत.

आधी काटा, मग पाटा. आणि त्याच वहीच्या जोरावर वाटेचा हक्क.