खाडी, किनारा आणि खोल दर्या
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मासेमारीच्या सद्यःस्थितीविषयी चार शब्द सांगावेत ही कार्यकारी मंडळाची आज्ञा आम्ही शिरोधार्य मानतो. दर्याच्या लेकरांस दर्याची माहिती सांगणे हे धाडसच होय. तथापि खाडीत, किनाऱ्यावर आणि खोल पाण्यात मासा का उणावला, हे प्रश्न आपण वेगवेगळे धरतो. वस्तुतः तो एकच प्रश्न आहे, एवढेच आम्हांस आज निवेदन करावयाचे आहे.

प्रथम आपल्या समुद्राचा स्वभाव पाहू. थंड प्रदेशांतील समुद्रात माशांच्या जाती थोड्या, परंतु एकेका जातीचे थवे अफाट. उष्ण कटिबंधात याच्या उलट आहे. येथे जाती शेकडो, पण एकेकीची संख्या त्या मानाने बेताची. म्हणून आपल्या जाळ्यात पापलेट, बोंबील, कोळंबी, मांदेली असे सरमिसळ म्हावरे येते. कोळंबीसाठी ओढलेले जाळे इतर कित्येक जातींची पिल्लेही उपसून आणते.

ही पिल्ले येतात कोठून? पहिल्या पावसाबरोबर नदीतील मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांत आणि शेतांत चढतात. वलगणीचे मासे ते हेच. पालवा समुद्रातून नदीत चढतो. जिताडा याच्या उलट खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले खाडीत वाढतात. कित्येक जातींची कोळंबी जन्मते समुद्रात, पण बाळपण काढते तिवरांच्या आश्रयाने. खाडी हा दर्याचा पाळणा आहे. तिवरे तोडून भराव घातला, नदीवर धरण बांधले, उल्हासच्या खाडीत झाले तसे सांडपाणी सोडले, की त्याची झळ दूरच्या जाळ्यासही लागते.

किनाऱ्यावर आपली डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओघावर चालतात. उधाणात भरतात, भांगात रिती राहतात. पाण्याची ही शिस्त मोडलेली नाही. मोडली आहे ती आसाची. बारीक आसाची जाळी केवळ परक्यांच्याच नौकांवर असतात असे नाही. २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला, आणि अनेक जातींसाठी पकडण्याचा किमान आकारही शासनाने ठरवून दिला. तरी तळहाताहून लहान पापलेट लिलावात येतच असेल, तर त्या मानाचा उपयोग काय?

खोल दर्यात धनवंतांच्या नौका सबंध थवे वेढून नेतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीस केंद्राने २०१७ साली मनाई केली. बारा सागरी मैलांच्या आत राज्याचा अधिकार, त्यापलीकडे केंद्राचा. मासा मात्र ही रेषा ओळखत नाही. त्यात अरबी समुद्राचे पाणी तापत आहे. २०१९ च्या ऐन हंगामात क्यार आणि महा ही वादळे लागोपाठ आली. जून २०२० मध्ये निसर्ग रायगडाच्या किनाऱ्यावर आदळले, मे २०२१ मध्ये तौक्ते कोकणालगत गेले. मासेमारीचे दिवस असे घटले, की उरलेल्या दिवसांत हाती लागेल ते ओढण्याचा मोह वाढतो.

मग करावे काय? आपले पूर्वज नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात होडी लोटीत नसत. पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांसाठी पावसाळी बंदीचे दिवस ६१, १ जून ते ३१ जुलै. वाडवडिलांची शिस्त याहून बहुधा लांबच असे. ती धर्म म्हणून पाळली जाई, आणि तिच्या पोटी विणीच्या काळातील माशाचे रक्षण होते.

शासनाकडे दाद मागावीच. परंतु आपल्या हातचे जे आहे त्यासाठी कोणाची वाट पाहू नये. प्रत्येक गावाच्या संस्थेने लहान माशाचा लिलाव न करण्याचा ठराव करावा. बाजारात टोपली मांडून बसणाऱ्या आमच्या भगिनींनी तो मासा घेण्याचे नाकारले, तर बारीक आसाचे जाळे एका हंगामात महाग पडेल. ही शक्ती कायद्यापेक्षा मोठी आहे. आणि गावालगतच्या तिवरांची राखण गावानेच करावी.

आपली मुले शिकून अन्य व्यवसायांत जात आहेत, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्यास होडीवरच राहावयाचे आहे त्यास दर्या रिकामा मिळू नये. येत्या नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करण्यापूर्वी हा ठराव गावोगावी व्हावा, ही सर्व ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे.