प्रश्न विचारण्याचें कसब



आजचा विषय वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल. संगणकावर गुन्हेशोधाचे खेळ खेळण्याचा नाद हल्लीं घरोघर शिरला आहे. खेळणाऱ्यानें डिटेक्टिव्हचें सोंग घ्यावयाचें, साक्षीदारांना प्रश्न विचारावयाचे आणि गुन्हेगार हुडकून काढावयाचा, असा हा प्रकार. पुष्कळ खेळांत आरंभींच खेळणाऱ्याच्या हातीं मोजके गुण देतात व ते निरनिराळ्या कसबांवर वांटून घ्यावयास सांगतात. धाक घालण्याचें कसब, गोड बोलण्याचें, मनांतलें ताडण्याचें, तर्क लढविण्याचें. एकावर खर्च केला कीं दुसऱ्याला कमी पडतो. २०१९ सालीं निघालेल्या 'डिस्को एलिझियम' या खेळांत अशीं २४ कसबें आहेत. खेळणारा तरुण असला कीं त्याचा पहिला हात बहुधा धाकाकडे जातो. टेबलावर मूठ आपटली कीं समोरचा घडाघडा बोलूं लागतो, हें चित्रपटांनीं त्याला शिकविलेलें असतें. ही निवड शहाणपणाची आहे काय, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढें आहे.

आपण आपला खेळ बोदवडास मांडूं. भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें जळगांव जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव. भोंवतालीं कापसाचीं शेतें. समजा, तेथल्या एका जिनिंगमधून एका रात्रींत सरकीचीं वीस पोतीं नाहींशीं झालीं. माहिती देणारे तिघे: फाटकावरचा रखवालदार, एक हमाल, आणि समोरच्या घरांत राहणारी एक म्हातारी. आपल्या डिटेक्टिव्हला दहा गुण मिळाले आहेत. ते कसे वांटावे?

प्रथम धाकाचा हिशेब पाहूं. हमालाला कोंडून 'पोतीं तूंच नेलींस ना?' असें दहा वेळां दरडावून विचारलें, तर अकराव्या वेळीं तो 'होय' म्हणेल. पण त्या होकाराचा अर्थ 'मीं चोरी केली' असा, कीं 'आतां मला सोडा' असा, हें कोणी सांगावें? ही शंका आपल्या कायद्यालाही फार पूर्वींच आली. पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमानें ठरविलें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली. त्याच्या २३ व्या कलमांत तोच नियम कायम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तु खरोखरच सांपडली, तर तिच्याशीं निगडित तेवढाच भाग विचारांत घेतात. म्हणजे कायदा म्हणतो, नुसते शब्द नकोत, पोतीं दाखवा.

दरडावून मिळविलेल्या शब्दांची किंमत इंग्लंडलाही द्यावी लागली. बर्मिंगहॅमच्या बाँबस्फोटांच्या खटल्यांतले सहा कैदी सोळा वर्षें तुरुंगांत काढून १९९१ मध्यें सुटले. त्यांपैकीं चौघांनीं पोलिसांपुढें कबुली लिहून दिली होती! पुढच्याच वर्षीं तेथल्या पोलिसांनीं चौकशीची नवी पद्धत स्वीकारली. कबुली काढणें हा तिचा हेतु नसून माहिती गोळा करणें हा आहे.

आतां म्हातारीकडे वळूं. स्त्रीला जबानीसाठीं ठाण्यावर यावयास कायद्यानें भाग पाडतां येत नाहीं. तिच्या घरींच जावें लागतें. तिच्या ओट्यावर बसून आपण पुस्तकी मराठींत प्रश्न केला, तर 'मला काय ठाऊक?' एवढेंच उत्तर येईल. या भागांत लेवा बोली चालते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनीं आपल्या ओव्या जिच्यांत रचल्या, तीच ही बोली. ती ज्याच्या कानाला परिचित आहे, जो 'माय' म्हणून हांक मारतो आणि आधीं पाऊसपाण्याची विचारपूस करतो, त्याच्यापाशीं म्हातारी मोकळी होईल. तिला 'किती वाजले होते?' असें विचारूं नये. 'कोणती गाडी नुकतीच गेली होती?' असें विचारावें. रुळांशेजारीं आयुष्य गेलेल्या माणसाची रात्र घड्याळावर नव्हे, गाड्यांवर मोजलेली असते.

रखवालदार सांगतो, दहानंतर फाटकांतून एकही वाहन गेलें नाहीं. आपल्या खिशांत मात्र वजनकाट्याची पावती आहे व तिच्यावर पावणेबाराची वेळ आहे. ती पावती आरंभींच त्याच्यापुढें टाकली, तर तो आपली हकीकत तिच्याशीं जुळवून घेईल. आधीं त्याला सारी रात्र सांगूं द्यावी, कोठेंही अडवूं नये, आणि शेवटीं पावती दाखवून शांतपणें खुलासा विचारावा. 'एल. ए. नुआर' या २०११ मधल्या खेळांत हा नियमच आहे: समोरच्यावर खोटेपणाचा आरोप करावयाचा, तर पुरावा पुढें ठेवावा लागतो. तयारीवांचून केलेला प्रश्न म्हणजे अंधारांत मारलेला दगड.

कोणी म्हणेल, हीं सौम्य साधनें साध्या माणसांपुरतीं ठीक, निर्ढावलेल्यापुढें काय? त्यास मुंबईचें उदाहरण आहे. १९६८ सालीं उपनगरांत रात्रीं झोपलेल्या गरीब माणसांचे एकामागून एक खून पडत होते. तपास रमाकांत कुलकर्णी या अधिकाऱ्याकडे होता. ऑगस्टमध्यें रामन राघव पकडला गेला, पण पुष्कळ वेळ तो चौकशीला दादच देईना. अखेर त्याच्या इच्छेप्रमाणें त्याला कोंबडीचें जेवण दिलें, तेव्हां कोठें तो बोलूं लागला, आणि आपलें हत्यार व खुनांची रीत त्यानें सविस्तर सांगितली. भुकेल्याला जेवूं घालणें निराळें. 'कबूल हो, सोडून देतों' असें आमिष दाखविणें ही मात्र धमकीचीच बहीण, आणि कायदा दोघींनाही थारा देत नाहीं. राघव मनोरुग्ण असल्याचें पुढें निष्पन्न झालें व १९८७ मध्यें त्याची फांशी रद्द होऊन जन्मठेप झाली. तेव्हां बोलत्या झालेल्या माणसाचा शब्दही पारखूनच घ्यावा लागतो.

माझी वांटणी अशी: ऐकण्याला चार, तयारीला चार, बोलीला दोन, धाकाला शून्य. धाकानें मिळालेल्या खोट्या कबुलीनें एकदम दोन अन्याय होतात. निरपराध हमाल तुरुंगांत जातो, आणि खरा चोर दुसऱ्या बाजारांत सरकी विकीत बसतो. संगणकापुढें बसलेल्या आपल्या मुलांपैकीं कोणी उद्यां पोलीस होईल, कोणी वकील, कोणी न्यायाधीश. आणि एखाद्याला विनाकारण प्रश्नांच्या समोरच्या खुर्चीवरही बसावें लागेल. म्हणून तीं गुण वांटीत असतां त्यांच्या शेजारीं घटकाभर बसा आणि 'धाकाला एवढे कां दिलेस?' असें विचारा. मात्र विचारल्यावर त्यांचें उत्तर पुरतें ऐकून घ्या.