आधी निदान, मग मूलपेशी

डॉक्टर मित्रहो आणि भोर-वेल्ह्याच्या आरोग्य केंद्रांतून आलेल्या भगिनींनो,

क्रोनच्या आजारात आतडे अरुंद झालेल्या रुग्णाला मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, उपचार सुचवावा का, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे. माझे मत असे की, नोंदणीकृत चाचणीत जागा मिळत असेल तर जरूर सुचवावा. पैसे मोजून मात्र घेऊ देऊ नये. दीर्घकाळच्या दाहाने आतड्याच्या भिंतीत कोलॅजन साचते, स्नायूचा थर जाड होतो आणि वाट आवळत जाते. औषधांनी सूज उतरते, पण साचलेले कोलॅजन सहसा हटत नाही. म्हणूनच मूलपेशींकडे डोळे लागले आहेत. अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या या पेशी नवे आतडे घडवत नाहीत; त्यांच्यातून स्रवणारे घटक दाह शमवतात. कल्पना निराधार नाही.

पुरावा मात्र तोकडा आहे. बेल्जियममधल्या लिएज येथे 10 रुग्णांच्या अरुंद जागी या पेशी टोचून पाहिल्या. काहींना गुण आला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. तुलना का हवी, हे क्रोनमधल्या भगंदराच्या चाचणीने दाखवले. 212 रुग्णांच्या त्या चाचणीत 24 आठवड्यांनी पेशी दिलेल्यांपैकी सुमारे 50 टक्के बरे दिसले, आणि न दिलेल्यांपैकीही 34 टक्के! त्या बळावर 2018 मध्ये युरोपने त्या पेशींच्या औषधाला मान्यता दिली. पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नाही आणि 2024 मध्ये ते औषध तिथल्या बाजारातून मागे घेतले गेले.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, तो क्षयाचा. हिरडोशी खोऱ्यातला किंवा वेल्ह्याच्या वाडीवरचा रुग्ण सांगतो, ‘जेवलं की बेंबीभोवती कळ येते, पोटात गोळा फिरतो, गुडगुडलं की मोकळं वाटतं.’ ही अरुंद आतड्याची खूण. पण कारण क्रोन की क्षय, हे दुर्बिणीतून आणि कधी कधी बायॉप्सीतूनही ठरत नाही. अशा वेळी दोन-तीन महिने क्षयाची औषधे देऊन व्रण भरले का, हे पुन्हा दुर्बिणीने पाहावे लागते. ही औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. क्षय न ओळखता क्रोनच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दाबली, तर तो फोफावू शकतो.

कोणी म्हणेल, सगळे उपाय थकलेल्याला का अडवायचे? बहुतेकदा उपाय थकलेले नसतात. आखूड अरुंदी फुग्याने रुंदावता येते. आतड्याचा तुकडा न कापता वाट मोठी करण्याची शस्त्रक्रियाही आहे. क्षयाच्या अरुंदीसाठी ती भारतीय शल्यचिकित्सक कटारिया आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये मांडली, नंतर ती क्रोनमध्येही रुजली. दुसरा आक्षेप असा की, पेशी रुग्णाच्याच असतील तर अपाय कसला? पेशी काढणे, वाढवणे आणि टोचणे या प्रत्येक पायरीवर जंतुसंसर्गाचा धोका असतो. शिवाय त्यात गेलेल्या महिन्यांत आतडे पुरते बंद पडू शकते. तिसरा आक्षेप, अशाने संशोधन खुंटेल. उलट, विकतच्या उपचाराची पद्धतशीर नोंद राहत नाही, त्यामुळे त्यातून कोणीच काही शिकत नाही.

म्हणून पुण्याला पाठवण्याच्या चिठ्ठीवर वजन किती घटले, उलट्या होतात का आणि क्षयाची कोणती तपासणी झाली, हे लिहाच. मूलपेशींची जाहिरात घेऊन कोणी आला, तर त्या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल किंवा पैसे मागितले जात असतील, तर रुग्णाला तोंडावर ‘नको’ म्हणा. ते सांगण्याचा अधिकार मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाइतकाच तुमचाही आहे.