उमेदवाराची निवडणूक-नोंद आणि आपले मत
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



विद्यार्थ्यांचा गौरव आणि ज्येष्ठांचा सत्कार हे दोन आनंदाचे प्रसंग पार पडल्यावर निवडणुकीसारख्या रूक्ष विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली आहे. भोजनाची वेळ जवळ आली आहे, याचे भान मला आहे. तरीही हा विषय आजच मांडणे का भाग पडले, ते प्रथम सांगतो. कार्यकारी मंडळाच्या गेल्या बैठकीत अशी सूचना पुढे आली की, लोकसभेच्या पुढील निवडणुकीत आपल्या ज्ञातीचा जो कोणी उमेदवार उभा राहील, त्यास स्मरणिकेतून जाहीर पाठिंबा द्यावा. मी सूचनेस विरोध केला. तेव्हा एका तरुण सभासदाने मला विचारले, “मग काका, मत द्यावे तरी कशावरून?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

उमेदवाराची परीक्षा करण्याची साधने पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील एकाकडे आपण सहसा वळत नाही. ते म्हणजे त्याची पूर्वीची निवडणूक-नोंद. तो कोठून उभा राहिला, कोणत्या पक्षातर्फे, त्याला किती मते पडली, अनामत राहिली की गेली, ही सारी माहिती निवडणूक आयोग प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर प्रसिद्ध करीत आला आहे. मात्र ही नोंद वाचावी कशी, हे ठाऊक नसेल तर ती आपली दिशाभूलही करू शकते. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या मुंबईतच घडले.

1952 साली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, उत्तर मुंबई मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उभे होते. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. नुसता निकाल पाहणाऱ्यास वाटेल की, लोकांनी त्यांना नाकारले. परंतु त्यांना सव्वा लाखाच्या आसपास मते पडली होती! शिवाय हा मतदारसंघ द्विसदस्य होता. त्या वेळी लोकसभेच्या 489 जागा होत्या आणि 86 मतदारसंघांतून दोन-दोन सदस्य निवडले जात. अशा ठिकाणी मतदाराला दोन मते असत, परंतु ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. त्यामुळे राखीव जागेच्या उमेदवाराचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या अनुयायांवर जितके, तितकेच इतर समाजांच्या दुसऱ्या मतावर अवलंबून राही. ते दुसरे मत कोठे गेले, किती मते वाया गेली, हा त्या निवडणुकीतील खरा वाद होता. बाबासाहेबांनी व समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी त्याविरुद्ध निवडणूक-अर्जही केला. तो फेटाळला गेला.

पुढे 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पुन्हा उभे राहिले. तोही मतदारसंघ द्विसदस्यच. तेथून अशोक मेहता लोकसभेत गेले, राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी जिंकली आणि बाबासाहेब पुन्हा मागे राहिले. 1952 पासून अखेरपर्यंत ते संसदेत होते, ते राज्यसभेचे सदस्य म्हणून. अशी ही नोंद: लोकसभेच्या दोन निवडणुका, दोन्ही पराभव. केवळ तेवढ्यावर त्यांची योग्यता ठरविणाऱ्यास आपण काय म्हणू? द्विसदस्य मतदारसंघांची ती पद्धत 1961 च्या कायद्याने रद्द झाली. म्हणूनच जुना आकडा वाचताना आधी त्या काळचा नियम पाहावा, हे माझे पहिले सांगणे.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. 1957 साली अटलबिहारी वाजपेयी एकाच वेळी तीन ठिकाणांहून उभे होते. बलरामपूरला ते विजयी झाले, लखनौला हरले आणि मथुरेस तर अनामतही गमावून बसले. एकच माणूस, एकच वर्ष आणि तीन निकाल! तेव्हा “अमक्याची अनामत गेली होती” असे कोणी सांगितले तर “कोठे, कधी आणि कोणासमोर?” हे विचारून मगच मान डोलवावी.

आता विजयाची नोंद कशी वाचावी ते पाहू. कोकणातील राजापूर मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै यांना 1957, 1962 व 1967 असे तीनदा निवडून दिले. 1971 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाल्यावर मधु दंडवते त्याच वर्षी तेथून निवडून आले आणि 1989 पर्यंत सलग पाच निवडणुका जिंकले. विशेष हे की, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या 1984 च्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट असताना राजापूरने आपला माणूस सोडला नाही. ते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली, हे आपल्यातील कोकणवासीयांना सांगावयास नको; मुंबईहून उत्तरेकडे रात्रभर प्रवास करणाऱ्या गरिबाची पाठ त्याची साक्ष देईल. आणि तरीही 1991 साली त्याच राजापूरने त्यांचा पराभव केला. वीस वर्षांच्या कामाचा हिशेब त्या एका पराभवाने पुसला जातो काय? आज तर राजापूर हा लोकसभेचा मतदारसंघही उरलेला नाही. 2008 च्या पुनर्रचनेत तो गेला. नोंद मात्र राहिली.

मताधिक्याविषयीही एक शब्द. 2024 साली वायव्य मुंबईची जागा अवघ्या 48 मतांनी ठरली आणि त्याच मतदारसंघात “वरीलपैकी कोणीही नाही” या पर्यायास पंधरा हजारांहून अधिक मते पडली. आपल्या ज्ञातीची एका इमारतीतील चार कुटुंबे मतदानाच्या दिवशी गावी गेली तर काय होऊ शकते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता थोडे स्वतःविषयी बोलतो, कारण त्यावाचून माझा विरोध आपणांस उद्धट वाटेल. बऱ्याच वर्षांपूर्वी मी या स्मरणिकेचा संपादक होतो. एक ज्ञातिबंधू लोकसभेस उभे राहिले आणि मी त्यांच्यावर पानभर गौरवलेख लिहिला. घराणे, शिक्षण, दानशूरता, सारे काही लिहिले. पूर्वीची निवडणूक-नोंद पाहण्याचे मात्र मला सुचलेच नाही. निकाल लागला आणि त्यांची अनामत जप्त झाली. म्हणजे एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत. नंतर कळले की, त्याआधी ते दोनदा, दोन निराळ्या मतदारसंघांतून, दोन निराळ्या पक्षांतर्फे उभे होते आणि हरल्यावर त्या गावांकडे त्यांनी पुन्हा पाहिलेही नव्हते. काही महिन्यांनी चाळीतील एक वृद्ध ज्ञातिभगिनी मला भेटल्या. “भाऊ, तुम्ही लिहिलंत म्हणून आमच्या चाळीनं एकगठ्ठा मतं दिली हो. तुम्ही आधी बघितलं नव्हतंत का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते पान आजही माझ्या कपाटात आहे.

शिवाय कायद्याची बाजू आहेच. उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने अन्य कोणी, जातीच्या नावाने मत मागणे हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123 व्या कलमान्वये भ्रष्ट आचार ठरतो. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची कक्षा मतदाराच्या जातीपर्यंत नेली. मंडळाच्या पाठिंब्याने आपलाच उमेदवार अडचणीत यावा, ही गोष्ट त्याच्याही हिताची नाही.

पूर्वी ही माहिती मिळविणे कष्टाचे होते, हे मी मान्य करतो. आता तसे राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 व 2003 च्या निर्णयांपासून उमेदवारास आपली मालमत्ता, शिक्षण व फौजदारी खटले शपथपत्रावर जाहीर करावे लागतात आणि ती पत्रे कोणासही पाहता येतात. जुन्या शपथपत्राशी नवे ताडून पाहण्यास आपल्या घरातील कोणत्याही महाविद्यालयीन मुलास अर्धा तास पुरे.

आपल्या युवक शाखेने माझ्या विनंतीवरून गेल्या तीन लोकसभा निवडणुकांतील आपल्या मतदारसंघाच्या उमेदवारांची एक वही तयार केली आहे. उमेदवाराचे नाव, पक्ष, मते, अनामत व पूर्वी कोठून उभा होता, एवढेच रकाने तीत आहेत. जातीचा रकाना मी मुद्दाम ठेवू दिलेला नाही. वही सभागृहाच्या मागील बाजूस, पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. भोजनास जाताना ती चाळावी आणि कोठे आकडा चुकलेला आढळल्यास समासात शिसपेन्सिलीने लिहून ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.