वंशाचा रकाना आणि शाळेचं साल



आज मी आफ्रिकेतल्या शहरांविषयी बोलणार आहे. तिथल्या जननदराची चर्चा निघाली की आपण ‘जमात’ हा शब्द सहज वापरून मोकळे होतो. नायजेरियातले योरुबा म्हणजे कोट्यवधी लोक. त्यांना जमात म्हणणं मला पटत नाही. मी ‘लोकसमूह’ म्हणेन.

नायजेरियाचं २०१८ चं लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षण घ्या. लागोस राज्यात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुलं, उत्तरेतल्या कात्सिनात ७.३. लागोस योरुबांच्या मुलखात, कात्सिना हौसा-फुलानींच्या. तक्ता पाहणारा चटकन म्हणतो, चालीरीतींचा फरक! मला हे उत्तर मान्य नाही. त्याच सर्वेक्षणात शाळेचं तोंड न पाहिलेल्या स्त्रियांची सरासरी ६.७ आहे आणि माध्यमिकच्या पुढे शिकलेल्यांची ३.४. मग शाळा कुठे निघाल्या, ते आधी बघायला नको का? ब्रिटिशांनी उत्तरेत अमिरांचा कारभार अमिरांकडेच ठेवला आणि मिशनऱ्यांना तिथे मोकळीक दिली नाही. मिशनच्या शाळा वाढल्या त्या दक्षिणेत. १९५५ मध्ये ओबाफेमी आवोलोवो यांच्या सरकारनं पश्चिम प्रांतात प्राथमिक शिक्षण मोफत केलं. देशभरासाठी तशी योजना आली १९७६ मध्ये. योरुबा आणि हौसा यांच्यातला म्हणून जो फरक आपण मांडतो, त्यात ही २१ वर्षंही मुरलेली आहेत. ऊना ओसिली आणि ब्रिजेट लाँग यांनी १९७६ च्या योजनेचा अभ्यास केला. शाळेचं एक वर्ष वाढलं, की पंचविशीच्या आत होणारी मुलं सरासरी ०.२६ नं कमी होतात, असं त्यांना आढळलं.

मग लोकसमूहाला काही अर्थच नाही? आहे, पण तो घरात शिरल्याशिवाय दिसत नाही. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी इबादान शहरातल्या योरुबा घरांचा बारकाईनं अभ्यास केला. तिथली जुनी रीत अशी, की मूल अंगावर पीत असेतो नवरा-बायकोनं जवळ यायचं नाही. नाहीतर दूध नासतं आणि बाळ खंगतं, असा समज. दोन-दोन, तीन-तीन वर्षं हे पाळलं जाई. पाळणा लांबवण्याची ही त्यांची स्वतःची व्यवस्था होती, कुठल्याही सरकारी मोहिमेच्या कितीतरी आधीची. सून शाळेत जाऊन आली, शहरात वेगळी खोली करून राहिली, बाळाला बाटली लागली, तशी ही रीत सैल झाली. गर्भनिरोधक साधनं मात्र हाताशी उशिरा आली. त्या मधल्या काळात थोडक्या शिक्षणानं दोन मुलांतलं अंतर उलट कमी होऊ शकतं. म्हणूनच चार इयत्तांवर समाधान मानू नये, मुलगी माध्यमिक शाळा पुरी करेपर्यंत टिकली पाहिजे, असं मी कळकळीनं सांगतो.

घानातल्या जुन्या अक्रा शहरात गा लोकांची रीत आणखी वेगळी. बायको आईबहिणींच्या वाड्यात राहायची, नवरा पुरुषांच्या. संध्याकाळी ती रांधून जेवण त्याच्याकडे पाठवी. धुरावलेली मासळी विकून आलेला पैसा तिचा स्वतःचा असे. अशा घरी ‘मुलांविषयीचा निर्णय पती-पत्नी मिळून घेतात का?’ हा आपल्या प्रश्नावलीतला प्रश्न घेऊन कोणत्या वाड्याचं दार ठोठावायचं?

तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे. तक्त्यात वंशाचा, म्हणजे लोकसमूहाचा, रकाना जरूर ठेवा. पण त्याच्या शेजारी, त्या मुलखात मुलींची पहिली शाळा कधी उघडली, ते साल लिहा. शोधायला कष्ट पडतील, ते घ्या. आणि ते साल सापडेपर्यंत कोणत्याही लोकसमूहाच्या नावापुढे ‘कारण’ हा शब्द लिहू नका.