तूप कुठं कढवतात ते विचारा



औषधी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करायला जर्मनीला निघालेली मुलंमुली माझ्याकडे येतात. बहुतेक बी.फार्म. झालेली, कष्टाळू. विद्यापीठांचे क्रमांक त्यांना तोंडपाठ असतात. भारतीय पदव्या तपासणाऱ्या एपीएसचं प्रमाणपत्र, व्हिसासाठी खात्यात ठेवायची, २०२४ साली ठरलेली ११,९०४ युरोंची रक्कम, सगळं माहीत असतं. मग मी विचारतो, अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचली का? मुलं गप्प होतात. पालकही गप्प.

मोडूलहांडबुख म्हणतात तिला. प्रत्येक विषय, त्याचे तास, प्रात्यक्षिकं, परीक्षा कशी होणार, सगळं त्यात छापलेलं असतं आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ती उघडा आणि एकच गोष्ट शोधा: शुद्धीकरण, म्हणजे डाउनस्ट्रीम, हातानं करायला मिळतं का?

का, ते सांगतो. आपल्या घरात विरजण कोणीही लावतं. दूध कोमट हवं, विरजण चांगलं हवं, रात्रभर भांडं हलवायचं नाही. पण तूप? साय साठवा, विरजा, घुसळा, गार पाणी घालून लोणी वर आणा. ते दोनतीन पाण्यांनी धुवा, मग मंद आचेवर कढवा, बेरी खाली बसली की गाळा. लोण्यात ताक राहिलं तर तूप टिकत नाही, वास मारतं. आणि एवढं करून पातेलंभर दह्याचं तूप वाटीभर.

जैविक औषधाचंही असंच. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी टाकीत वाढवून त्यांच्याकडून प्रतिपिंड बनवून घेणं, हे झालं विरजण. तेही सोपं नाही, पण मुलांना तेवढंच दिसतं. त्यानंतर पेशी वेगळ्या करायच्या, उरलेला द्रव प्रतिपिंड धरून ठेवणारं प्रोटीन ए भरलेल्या स्तंभातून सोडायचा, विषाणू मरावेत म्हणून आम्लात ठेवायचा, पुन्हा स्तंभ, पुन्हा गाळणी. लोणी धुण्याचा हा भाग. खर्चाचा मोठा वाटा इथंच जातो. १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या मानवी इन्शुलिनचंच बघा. ई. कोलाय जिवाणूंकडून इन्शुलिनच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या बनवून घेत आणि शुद्ध करून मग जोडत. जिवाणूंच्या आवरणाचा अंश औषधात राहिला तर रोग्याला ताप भरतो. जिवाणूत जनुक बसवलं की औषध तयार, असं समजू नका रे!

म्हणून पुन्हा सांगतो, पुस्तिका वाचा. जर्मनीतल्या बिबराखला बोरिंगर इंगेलहाइम या कंपनीचा जैविक औषधांचा मोठा कारखाना आहे, आणि तिथलंच उपयोजित विज्ञानांचं विद्यापीठ उल्म विद्यापीठाबरोबर औषधी जैवतंत्रज्ञान शिकवतं. हे राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग. तिथं युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो शुल्क आहे. मुलं शुल्काचा आकडा बघून नाव खोडतात. खोडायचं तर खोडा, पण आधी प्रात्यक्षिकांचे तास बघा! हालेच्या मार्टिन लूथर विद्यापीठातही औषधी आणि औद्योगिक जैवतंत्रज्ञानाचा एम.एस्सी. आहे. त्यालाही हाच प्रश्न लावा. स्तंभ कोण भरणार, विद्यार्थी की सहायक? शेवटच्या सत्रातला प्रबंध कंपनीत करता येतो का? पत्र पाठवून विचारा, विचारण्यात कमीपणा नाही.

जर्मन भाषा इथूनच शिकून जा. वर्ग इंग्रजीत असला तरी उत्पादन विभागातल्या नोंदी बहुधा जर्मनमध्ये असतात, आणि आपल्या औषधांच्या धंद्यात नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही.

आणखी एक, बी.फार्म.वाल्यांसाठी. ही एम.एस्सी.ची पदवी घेऊन तिथं औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभं राहता येत नाही. त्याला आप्रोबात्सिओन हा वेगळा परवाना लागतो. त्याची भाषेची अट वेगळी, कागदपत्रं वेगळी, आणि तो रस्ता धरायचा असेल तर एम.एस्सी.च्या आधीच… पण माझी वेळ संपली.